रुग्णालयात हातांची स्वच्छता : प्रशिक्षण झाले, फलक लागले, तरी सवय का टिकत नाही?

प्रश्न : संसर्गनियंत्रण परिचारिका, नाशिक

नमस्कार. मी नाशिक शहरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात संसर्गनियंत्रणाचे काम पाहते. कर्मचाऱ्यांच्या हातांच्या स्वच्छतेबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे माहितीची कमतरता नाही. कोणत्याही सिस्टरला किंवा ब्रदरला विचारले, तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हात स्वच्छ करण्याचे पाचही क्षण न अडखळता सांगता येतात : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त किंवा इतर शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. दर वर्षी ५ मे रोजी हात स्वच्छता दिनाला सगळे जण मिळून हात चोळण्याच्या पायऱ्या करून दाखवतात आणि प्रत्येक बेसिनवर चित्रफलक लावलेला आहे. तरीही कामाची घाई सुरू झाली की यातले फारच थोडे हातात उतरते.

एकच उदाहरण देते. सकाळच्या इंजेक्शनच्या वेळी सिस्टर ट्रॉली घेऊन निघते. पहिल्या खाटेपाशी हातमोजे घालते, कॅन्युलातून, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून, औषध देते, सलाईनचा वेग जुळवते, त्याच मोज्यांनी केसपेपर उघडून वेळ लिहिते, पेन खिशात ठेवते आणि दुसऱ्या खाटेकडे वळते. मोजे तेच असतात. तिच्या मनात रुग्णाविषयी अनास्था मुळीच नाही. मोजे घातलेले आहेत म्हणजे सगळे सुरक्षित आहे, अशी तिची प्रामाणिक समजूत असते, आणि त्या वेळी तिच्यावर एकटीवर इतक्या खाटांची जबाबदारी असते की थांबून विचार करायला तिला उसंत नसते.

महामारीच्या काळात आमच्याकडे प्रत्येक खाटेला हँडरबची, म्हणजे पाण्याशिवाय हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाची, बाटली होती. आता नर्सिंग स्टेशनवर एक बाटली असते आणि बाकीच्या इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात असतात, कारण त्या लवकर संपतात आणि स्टोअरमधून नवीन बाटली मागवताना खुलासा द्यावा लागतो. डॉक्टरांच्या राउंडविषयी बोलणे तर त्याहून अवघड आहे. ज्येष्ठ सर एका रुग्णाचे पोट तपासून थेट पुढच्या रुग्णाकडे गेले, तर त्यांना टोकणार कोण?

बांगड्या, अंगठ्या आणि मनगटावरचे धागे हा आणखी एक नाजूक विषय आहे. नवविवाहित सिस्टरला हिरव्या बांगड्या काढून ठेवा असे सांगताना मलाच संकोच वाटतो. व्यवस्थापनाने दंड लावण्याचा प्रस्ताव ठेवला आहे, पण तो मला पटत नाही. अशा परिस्थितीत नेमकी सुरुवात कोठून करावी, आणि सुधारणा होते आहे की नाही हे विश्वासार्हपणे मोजावे कसे, याचे मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त मेट्रन, नाशिकरोड

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण त्यात तुम्ही कर्मचाऱ्यांना दोष दिलेला नाही. दंडाला विरोध करता आहात, त्यावर ठाम राहा. दंड लावला की नोंदी सुधारतात, हात सुधारत नाहीत. शिवाय दोष लपवण्याची सवय एकदा लागली की सुईची जखम झाली तरी लोक सांगेनासे होतात, आणि ते फार धोक्याचे आहे.

सुरुवात कपाटाच्या कुलपापासून करा. हँडरब रुग्णाजवळ, हात पुढे केला की मिळेल अशा ठिकाणी असलेच पाहिजे. खाटेपासून बेसिनपर्यंत जायचे, कोपराने नळ उघडायचा, साबण लावून नीट हात धुवायचे, पुसायचे आणि परत यायचे, यात एक ते दीड मिनिट सहज जाते. धुण्याचीच क्रिया ४० ते ६० सेकंदांची असते, तर हँडरब चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात आणि तेही पुढच्या खाटेकडे चालता चालता होते. या वेळेचा हिशेब १९९७ साली प्रसिद्ध झाला होता. एका अतिदक्षता विभागातील सर्वांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे ठरवले, तर एका दिवसपाळीत मिळून परिचर्येचे सुमारे १६ तास केवळ हात धुण्यात जातील, आणि हँडरब वापरला तर ३ तास लागतील, असे त्यात दाखवले होते. हा आकडा आमच्या व्यवस्थापनापुढे ठेवला, तेव्हा बाटल्यांच्या खर्चाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली, कारण माणसांच्या वेळेची किंमत त्यांना लगेच कळते.

बाटल्या ठेवल्यानंतर त्यांची देखरेखही तितकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सर्वत्र दुर्लक्ष होते. खाटेच्या कठड्याला गॉजच्या पट्टीने बांधलेली बाटली पाहिली की लांबून सोय झाल्यासारखी वाटते. जवळ जाऊन दाबून पाहावे, तर पंपाच्या तोंडाशी जेल वाळून घट्ट झालेले असते, किंवा फवारा तिरका उडून सिस्टरच्या साडीवर जातो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा कोणी हात लावत नाही. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बाटल्या तपासण्याचे काम नावानिशी एका मावशींकडे किंवा मामांकडे सोपवा आणि ते काम त्यांच्या कामाच्या यादीत लेखी घ्या. त्यांना या विषयात सन्मानाने सहभागी करून घेतले, तर ते सर्वांत जास्त साथ देतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आपण प्रशिक्षण देतो ते मात्र बहुधा परिचारिकांनाच, आणि बेडपॅन देणारे, रुग्णाला कुशीवर वळवणारे, स्ट्रेचर ढकलणारे हात विसरून जातो.

बेसिनकडेही एकदा लक्ष द्या. नळाशेजारी टांगलेला एकच टॉवेल दिवसभर सगळे वापरत असतील, तर धुतलेले हात पुन्हा दूषित होतात. द्रवसाबणाची बाटली अर्धी रिकामी झाली की वरून भर घालण्याची पद्धत असेल तर तीही थांबवा, कारण अशा बाटल्यांमध्ये जंतू वाढतात. बाटली पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवूनच भरावी किंवा सरळ नवीन वापरावी. आपल्याकडे उन्हाळ्यात गंगापूर धरणाचा साठा खाली गेला की पाणीकपात होते, तेव्हा टाकीतले पाणी जपून वापरण्याच्या सूचना येतात आणि सर्वांत आधी हात धुणेच आखडते. हँडरब खाटेजवळ असेल तर या अडचणीतही काम थांबत नाही.

बांगड्यांबद्दल सांगते. आदेश काढू नका. शस्त्रक्रियागृहात जाताना आपल्या मुली बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळे काढून ठेवतात आणि त्यात कोणालाच अवघड वाटत नाही, कारण तिथे सर्वांना एकच नियम असतो आणि वस्तू ठेवायला सुरक्षित जागा असते. वॉर्डातही कुलूप असलेले छोटे कप्पे द्या, नियम डॉक्टरांच्या घड्याळालाही लावा आणि ज्येष्ठ सिस्टरांपासून सुरुवात करा. मंगळसूत्र गळ्यात राहू शकते, ते आत घेतले की काम भागते. मनगट मोकळे असणे का आवश्यक आहे हे शांतपणे सांगितले आणि घरच्यांनाही सांगता येईल असे दोन शब्द दिले, तर सासरचा विरोधसुद्धा मावळतो.

उत्तर २ : भूलतज्ज्ञ, गंगापूर रोड

डॉक्टरांच्या मुद्द्यावर स्पष्ट लिहितो, कारण मीही त्याच वर्गातला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात ९६ अभ्यास एकत्र पाहिले गेले. त्यात हातांच्या स्वच्छतेचे एकूण पालन सुमारे ४० टक्के होते, परिचारिकांमध्ये ४८ टक्के, तर डॉक्टरांमध्ये ३२ टक्के. म्हणजे ज्यांच्याकडे सगळे आदर्श म्हणून पाहतात, तेच मागे आहेत. त्याच आढाव्यात रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचे पालन २१ टक्के आणि स्पर्शानंतरचे ४७ टक्के आढळले. आपण स्वतःला जपण्यासाठी हात स्वच्छ करतो, रुग्णाला जपण्यासाठी तितके करत नाही, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

ज्येष्ठांच्या वागण्याचा परिणाम किती खोल असतो, हेही तपासले गेले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, खोलीतील वरिष्ठ व्यक्तीने हात स्वच्छ केले नाहीत तर तिच्या पाठोपाठ आलेल्यांनीही ते करण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते, असे दिसले. त्यामुळे सिस्टर, सरांना टोकण्याची जबाबदारी तुम्ही एकटीने अंगावर घेऊ नका. वैद्यकीय संचालकांना भेटा आणि राउंडच्या ट्रॉलीवर हँडरब ठेवून प्रत्येक रुग्णाआधी तो प्रथम ज्येष्ठ सल्लागारांच्या हातावर द्यायचा, ही पद्धत त्यांच्याच तोंडून जाहीर करून घ्या. सिस्टरने बाटली पुढे केली की हात आपोआप पुढे येतो. त्यात टोकणे नाही, अवमानही नाही. आमच्याकडे ही पद्धत चालू आहे, आणि इंटर्न मुलांनी ती कोणी न सांगता उचलली.

उत्तर ३ : सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका

मोजणीविषयी विचारले आहे, म्हणून त्या अंगाने लिहिते. पण त्याआधी हातमोज्यांविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. मोज्यांना सूक्ष्म छिद्रे असू शकतात आणि ते काढताना हात दूषित होतात, म्हणून मोजे काढल्यानंतर हात स्वच्छ करावेच लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोजा हा एका रुग्णासाठी आणि एका कामासाठी असतो. एकाच रुग्णाच्या लघवीची पिशवी रिकामी करून त्याच मोज्यांनी कॅन्युलाला हात लावला, तरी जंतू त्याच्याच रक्तात पोहोचवल्यासारखे होते. सलाईनचा वेग जुळवणे, रक्तदाब घेणे, नाडी पाहणे यांसाठी सहसा मोजे लागतच नाहीत. तेथे मोजे कमी करून हँडरब वाढवणे हाच योग्य मार्ग आहे, आणि त्यातून वाचणारा मोज्यांचा खर्च बाटल्यांकडे वळवता येतो.

आता मोजणी. प्रत्यक्ष निरीक्षण ही आजही मूळ पद्धत मानली जाते. हात स्वच्छ करण्याच्या किती संधी आल्या आणि त्यांपैकी किती वेळा ते केले गेले, याची टक्केवारी काढायची. एका बैठकीत साधारण २० मिनिटे निरीक्षण करावे आणि एका विभागातून एका कालखंडात सुमारे २०० संधी नोंदवाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. मात्र कोणी पाहत आहे हे कळले की वागणूक सुधारते, म्हणून केवळ निरीक्षणावर विसंबू नये. रात्रपाळीत, रविवारी आणि रुग्ण हलवण्याच्या गडबडीच्या वेळीही निरीक्षण व्हायला हवे. सकाळी अकरा वाजता फाईल घेऊन फिरणारी निरीक्षक फक्त सकाळी अकराचे वर्तन मोजते.

त्याच्या जोडीला हँडरबचा खप मोजा. दर १००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल असला की एक रुग्णदिवस) किती लिटर हँडरब वापरला गेला, हे स्टोअरच्या नोंदींवरून आणि खाटांच्या भरणावरून दरमहा काढता येते. संघटनेच्या स्वयंमूल्यांकन आराखड्यात २० लिटर हा मापदंड दिला आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जे काम केले, त्यात हा खप ३.५ लिटरवरून १५.४ लिटरवर गेला, हातांच्या स्वच्छतेचे पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडलेल्या संसर्गांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो ६६ चा आकडा. तेथेही पालन शंभर टक्क्यांपर्यंत गेले नव्हते. दोन तृतीयांशच वेळा हात स्वच्छ झाले आणि तरीही रुग्णांना इतका लाभ झाला. तुमच्या व्यवस्थापनाने पहिल्याच महिन्यात ९५ टक्क्यांची अपेक्षा ठेवली, तर कागदावर तेवढेच येईल. कमी पण खरा आकडा मिळू द्या.

आकडे मिळाले की ते त्याच विभागाला त्याच आठवड्यात परत सांगा. वर्षाच्या अखेरीस अहवालात छापलेली टक्केवारी कोणाच्याच उपयोगाची नसते. निकाल व्यक्तीच्या नावाने नव्हे, तर विभागाच्या आणि क्षणाच्या नावाने सांगावेत, म्हणजे 'पाचवा क्षण आपल्याकडे सर्वांत कमी पाळला जातो आहे' असे. रुग्णाला हात न लावता केवळ मॉनिटर, कठडा किंवा सलाईनचा स्टँड हाताळला, तर आपण काहीच केले नाही असे सर्वांना वाटते. वास्तविक त्याच पृष्ठभागांवर जंतू अनेक दिवस टिकून राहतात.

एक सावधगिरी सांगायला हवी. हात दिसण्याइतके मळलेले असतील, रक्त लागले असेल, किंवा रुग्णाला क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे जुलाब होत असतील, तर साबण आणि पाणीच वापरावे. या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ते चोळून आणि पाण्याने वाहून काढावे लागतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ट्रॉलीवरून हँडरब देण्याची कल्पना मी संचालकांपुढे मांडणार आहे आणि कप्प्यांची मागणीही करणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या अनेक सिस्टर सांगतात की हँडरबने हातांची आग होते आणि त्वचा फुटते, म्हणून त्या साबणच पसंत करतात. दुसरे म्हणजे, खर्च कमी व्हावा म्हणून रुग्णालयातच हँडरब तयार करावा असा विचार पुढे आला आहे. २०२७ च्या सिंहस्थात शहरावर किती ताण येईल याची कल्पना आपल्या सर्वांना आहे, त्यामुळे पुरवठ्याची व्यवस्था आतापासून करावी असे वाटते. हे कितपत योग्य आहे?

उत्तर ४ : रुग्णाची मुलगी, पंचवटी

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, तरी नातेवाइकांच्या बाजूने थोडे लिहिते. माझी आई बराच काळ रुग्णालयात होती. तिला भरवणे, तिचे कपडे बदलणे, बेडपॅन देणे हे सगळे मी आणि माझी वहिनी करत होतो, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांसोबत कोणी नसले की त्यांनाही पाणी देत होतो. या काळात आम्हाला हात कधी आणि कसे स्वच्छ करायचे हे एकाही व्यक्तीने सांगितले नाही. तुम्ही कर्मचाऱ्यांसाठी इतका विचार करत आहात, तर दाखल होण्याच्या दिवशी नातेवाइकांनाही दोन मिनिटे समजावून सांगावे ही विनंती. मात्र 'डॉक्टरांनी हात धुतले का, हे तुम्ही विचारा' असा फलक लावून ही जबाबदारी आमच्यावर टाकू नये. ज्यांच्या हातात आपल्या माणसाचा जीव आहे त्यांना असे विचारण्याचे धाडस आमच्यासारख्यांना होत नाही, आणि विचारले तर आईकडे दुर्लक्ष होईल अशी भीती मनात राहते.

उत्तर ५ : सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका

पंचवटीच्या ताईंचे म्हणणे रास्त आहे आणि ते जसेच्या तसे व्यवस्थापनापर्यंत पोहोचवावे. फलकाचाच विषय निघाला आहे, तर २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग सांगते. हात स्वच्छ केल्याने तुमचा आजारापासून बचाव होतो, असे लिहिलेल्या फलकाचा फारसा परिणाम झाला नाही; रुग्णांचा बचाव होतो, असे लिहिल्यावर मात्र साबण आणि जेलचा वापर वाढला. नवीन फलक करणार असाल, तर मजकूर रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून लिहा.

हातांची आग होण्याचे कारण बहुतेक वेळा साबण असतो. वारंवार साबणाने धुतल्यामुळे त्वचेवरचे स्निग्ध आवरण जाते, सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या भेगांवर अल्कोहोल लागले की झोंबते, म्हणून दोष हँडरबला दिला जातो. ग्लिसरीनयुक्त हँडरब त्वचेला साबणापेक्षा सौम्य असतो. आधी साबणाने धुऊन लगेच ओल्या हातांवर हँडरब लावण्याची पद्धत कोठे रूढ असेल तर ती बंद करावी. दोहोंपैकी एकच गोष्ट करायची असते. गरम पाणी टाळावे, हात घासून न पुसता टिपून कोरडे करावेत, पूर्ण वाळल्याशिवाय मोजे घालू नयेत आणि पाळी संपल्यावर लावायला हातांचे क्रीम रुग्णालयाने पुरवावे. ज्या सिस्टरच्या हातांवर खरोखर चट्टे उठले आहेत तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. फुटलेल्या त्वचेवर जंतू जास्त टिकतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ तिच्या सोयीचा नाही.

हँडरब रुग्णालयातच तयार करण्याचे सूत्र संघटनेने दिलेले आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सूत्रात १० लिटरसाठी ९९.८ टक्के तीव्रतेचे अल्कोहोल ७५१५ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर आणि ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिलिलिटर घेऊन, उरलेला भाग ऊर्ध्वपातित किंवा उकळून थंड केलेल्या पाण्याने भरतात. यातील पेरॉक्साइड हात स्वच्छ करण्यासाठी नसून द्रावणात किंवा बाटलीत असलेले बीजाणू नष्ट करण्यासाठी असते, म्हणून भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवून मगच वापरायला काढतात. इथेनॉलचे वेगळे सूत्र आहे, पण इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम लागू होतात, त्यामुळे लहान रुग्णालयाला आयसोप्रोपिल सोयीचे पडते.

तरीही माझा सल्ला विचाराल, तर तुमच्या आकाराच्या रुग्णालयाने विकतच घ्यावे. प्रशिक्षित औषधनिर्माता, अल्कोहोलची तीव्रता मोजण्याचे साधन, हवेशीर आणि आगीपासून सुरक्षित खोली, प्रत्येक खेपेची नोंद, हे सगळे उभे केल्यावर फारशी बचत उरत नाही. करायचेच ठरले, तर अन्न व औषध प्रशासनाशी आणि अग्निशमन विभागाशी आधी बोलून घ्यावे. सिंहस्थाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे म्हणजे, तुमच्या सध्याच्या खपाचा आकडा आधी काढा, तो दुप्पट झाला तर किती बाटल्या लागतील याचा हिशेब करा आणि दोन पुरवठादारांशी वर्षभराचा दर ठरवून घ्या. साठा एकाच खोलीत न करता विभागून ठेवा, कारण हा द्रव ज्वलनशील आहे. रुग्णदिवस आणि लिटर अशा दोन रकान्यांची नोंदवही उद्याच सुरू केलीत, तर पुढच्या तीन महिन्यांत मागणीचा आधार तुमच्या हातात असेल. ती नोंद येथे टाकलीत, तर विभागवार आकडे कसे वाचायचे ते मी सांगेन.